तपासणीला दुपारी दीड वाजता या

प्रति,
पाळणाघरांना परवाना देणारे आणि त्यांची तपासणी करणारे सर्व अधिकारी

स.न.वि.वि.

तुमच्या खात्याचं नाव जागोजागी बदलतं. कुठे तुम्ही बालकल्याणात बसता, कुठे शिक्षणात, कुठे आरोग्यात. काही ठिकाणी फाइल या तिन्ही टेबलांवरून फिरून चौथ्या टेबलावरच्या अग्निशमनवाल्यांकडे जाते. म्हणून कोणत्याच खात्याचं नाव न घालता लिहिते आहे. ज्यांच्या सहीने पाळणाघर उघडतं आणि ज्यांच्या शेऱ्याने ते बंद पडू शकतं, त्यांच्यासाठी हे पत्र.

मी सतरा वर्षं पाळणाघर चालवते. या सतरा वर्षांत माझ्याकडे तपासणीला आलेले सगळेच्या सगळे अधिकारी सकाळी साडेदहा ते बाराच्या दरम्यान आले. त्या वेळी मुलं खाऊन-पिऊन ताजीतवानी असतात, मावश्या सगळ्या हजर असतात, फरशी नुकतीच पुसलेली असते आणि मोठ्या खोलीत गाणी चाललेली असतात. तुम्ही येता, टेप लावून खोली मोजता, आग विझवण्याच्या नळकांड्यावरची तारीख बघता, प्रथमोपचाराची पेटी उघडून बंद करता, हजेरीपट चाळता, सही करता आणि पावणेबाराला निघता. तुम्ही जे बघता ते खोटं नसतं, रंगवून ठेवलेलंही नसतं. पण आमचं पाळणाघर दिवसातून दीडच तास तसं असतं.

माझी विनंती एवढीच आहे की दुपारी दीड वाजता या. नाहीच जमलं तर संध्याकाळी, शेवटची तीन-चार मुलं उरलेली असताना या. येण्याआधी फोन करू नका.

दीड वाजता काय होतं ते सांगते, कारण मला वाटतं ते तुमच्या तक्त्यात कुठे येत नाही. जेवणं उरकलेली असतात. मुलं एकेक करून झोपायला लागतात. मावश्या सकाळी साडेसातपासून उभ्या असतात, त्यांनाही जेवायचं असतं, पाय मोकळे करायचे असतात. मग दोघी जेवायला जातात आणि खोलीत एक उरते. झोपलेल्या मुलांना कशाला हवीत दोन माणसं, असं सगळ्यांनाच वाटतं. मलाही वाटायचं. दिव्यांचा प्रकाश मंद केलेला असतो, म्हणजे बाळाच्या चेहऱ्याचा रंगही धड दिसत नाही. आणि नेमका याच वेळी पाळणाघराच्या चालक बाईंना ऑफिसात बसून कागद करायला निवांतपणा मिळतो.

आता एक गोष्ट कबूल करते. ती मी आजवर कोणत्याही नोंदवहीत लिहिलेली नाही.

परवान्याच्या नूतनीकरणाचा महिना होता. तान्ह्यांच्या खोलीत त्या दिवशी सहा बाळं. आम्ही तीन बाळांमागे एक माणूस असा हिशेब धरतो, म्हणजे दोघी हव्यात. एक मावशी जेवायला गेली होती, तिच्या जागी मी होते. कागदावर होते. प्रत्यक्षात मी पलीकडच्या खोलीत तुमच्यासाठी फाइल लावत बसले होते, चारित्र्य पडताळणीचे दाखले एका बाजूला, वैद्यकीय दाखले दुसऱ्या बाजूला. पाच मिनिटांत येते असं सांगून गेले होते आणि पाऊण तास झाला होता. मध्येच दाराची बेल वाजली, कोणीतरी पार्सल घेऊन आलं होतं. खोलीतली मावशी उठून दाराशी गेली. त्याच वेळी मला फाइलीत लावायला हजेरीपटाची प्रत हवी होती म्हणून मी तान्ह्यांच्या खोलीत शिरले.

कोपऱ्यातल्या पाळण्यात पाच महिन्यांचं बाळ पालथं होतं. आमच्याकडे येऊन त्याला तीनच दिवस झाले होते. चेहरा गादीकडे, मानेवर घामाचे थेंब, दुपट्याचं एक टोक नाकाखाली गोळा झालेलं. मी त्याला उचलून उताणं केलं. त्याने कपाळाला आठ्या घातल्या, एक शिंक दिली आणि पुन्हा झोपलं. बास, एवढंच झालं. माझे गुडघे मात्र बराच वेळ थरथरत होते.

मावशीला विचारलं तर ती म्हणाली, “ताई, फार रडत होता हो. पालथा घातला की गप होतात. माझी दोन्ही अशीच वाढली.” तिने निष्काळजीपणा केला नव्हता, तिने माया केली होती. आई मात्र घरी त्याला नेहमी उताणंच झोपवत होती, आणि हे आम्ही पहिल्या दिवशी विचारून अर्जात लिहूनही घेतलं होतं. तो अर्ज ऑफिसात होता. बाळ खोलीत होतं.

आणि मी जो हजेरीपट न्यायला गेले होते, त्यात त्या वेळी मी त्याच खोलीत हजर असल्याची नोंद होती.

यात माझी चूक आहे आणि ती मी तुमच्या गळ्यात मारत नाही. पण त्यानंतर मी वाचायला बसले तेव्हा जे हाती लागलं ते तुमच्या टेबलावर असायला हवं. अमेरिकेत १९९४ साली बाळांना उताणं झोपवण्याची देशव्यापी मोहीम सुरू झाली आणि पुढच्या दहा वर्षांत झोपेतल्या अचानक बालमृत्यूंचं प्रमाण साधारण निम्म्यावर आलं. त्याच देशात २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की अशा मृत्यूंपैकी सुमारे २० टक्के बाळ दुसऱ्या कोणाकडे सांभाळायला असताना झाले होते, आणि त्यातले एकतृतीयांश तर सांभाळायला ठेवल्याच्या पहिल्याच आठवड्यात. उताणं झोपायची सवय असलेल्या बाळाला अचानक पालथं घातलं तर धोका कित्येक पटींनी वाढतो, हेही आता पक्कं माहीत आहे. म्हणजे नवीन बाळ, पहिला आठवडा, दुपारची झोप आणि अनुभवी, मायाळू हात. माझ्या खोलीत त्या दिवशी हे सगळं एकत्र जमलं होतं. परवान्याची फाइल मात्र अगदी व्यवस्थित होती.

एका माणसामागे किती मुलं, हा नियम जगात जवळजवळ सगळीकडे आहे. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक माणूस, ऑस्ट्रेलियात दोन वर्षांखालच्या चारांमागे एक. इंग्लंडने सप्टेंबर २०२३ मध्ये दोन वर्षांच्या मुलांसाठी चारांमागे एक होतं ते पाचांमागे एक केलं, तेव्हा तिथे बराच वाद झाला. आकड्यावर वाद व्हायलाच हवा. पण तो आकडा कधी मोजायचा यावर कोणी भांडताना मी पाहिलं नाही. तुम्ही अर्जातली मावश्यांची संख्या घेता आणि पटावरच्या मुलांच्या संख्येशी लावून बघता. उत्तर बरोबर येतं. त्यात जेवणाची सुट्टी नसते, स्वच्छतागृहात गेलेली मावशी नसते, तापाने घरी राहिलेली नसते, दाराशी पालकांशी बोलत उभी असलेली नसते. चालक बाईंना तर सर्रास मोजणीत धरलं जातं. मोजणीत धरलेली बाई फोनवर असते, बँकेत असते, किंवा तुमच्याच ऑफिसात तुमच्याच टेबलासमोर आपला नंबर येण्याची वाट बघत असते.

म्हणून अर्जात एक तक्ता जास्तीचा मागा. सकाळी दार उघडल्यापासून संध्याकाळी बंद होईपर्यंत दर अर्ध्या तासाला कोणत्या खोलीत किती मुलं आणि कोण-कोण माणसं, नावानिशी. त्यात चालक बाईंचं नाव चालणार नाही, असं ठणकावून सांगा. मी आता तसा तक्ता ठेवते. पहिल्यांदा तो भरला तेव्हा दुपारी एक ते अडीच आणि संध्याकाळी सहानंतर अशी दोन भोकं स्वच्छ दिसली. इतकी वर्षं ती होतीच, कागदावर कधी आली नव्हती.

तुम्ही म्हणाल, मग ठेवा ना आणखी एक माणूस. ठेवलं. पण त्यातलं गणितही तुम्ही नीट समजून घ्यायला हवं, कारण नियम करताना ते बाजूला राहतं. पाळणाघराचा सगळ्यात मोठा खर्च पगाराचा असतो. भाडं, वीज, खेळणी त्यामागून येतात. तान्ह्यांच्या खोलीत तीन बाळांची फी मिळून एका मावशीचा पगारही धड निघत नाही, कारण तेवढी फी लावली तर आई नोकरीच सोडेल. मग तान्ह्यांच्या खोलीचा तोटा तीन-चार वर्षांच्या मुलांच्या खोलीतून भरून काढायचा. बहुतेक पाळणाघरं अशीच चालतात. ज्यांना हे जमत नाही ते तान्ही बाळं घेणंच बंद करतात, आणि मग ज्या आईला सगळ्यात जास्त गरज असते तिलाच जागा मिळत नाही. तेव्हा तुम्ही प्रमाण कडक करा, जरूर करा, पण त्या जोडीला पैशाचा हात कोण देणार तेही त्याच परिपत्रकात लिहा. नुसता आकडा कडक केला की खरी माणसं वाढत नाहीत, हजेरीपटावरची नावं वाढतात. माझं नाव असंच वाढलं होतं.

टेप लावून खोली मोजण्याची मी चेष्टा करते आहे असं समजू नका. इंग्लंडच्या नियमांत दोन वर्षांखालच्या बाळामागे ३.५ चौरस मीटर, दोन वर्षांच्या मुलामागे २.५ आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलामागे २.३ चौरस मीटर जागा लागते, आणि आकडा असा उतरत का जातो ते रांगणाऱ्या सहा बाळांच्या खोलीत दहा मिनिटं बसलं की कळतं. रांगणारं बाळ सरळ जात नाही. इमारतीच्या बाबतीत तर तुम्ही जितके खवट वागाल तितकं बरं. मेक्सिकोतल्या एर्मोसियो शहरात ५ जून २००९ रोजी ‘एबीसी’ पाळणाघराला आग लागली आणि ४९ मुलं गेली. जागा मुळात गोदामाची होती. आग सुरू झाली ती शेजारी लागून असलेल्या गोदामात, म्हणजे पाळणाघराच्या आत सगळं जागच्या जागी असतं तरी ती आलीच असती. पाळणाघराला परवानगी होती, तपासण्या झालेल्या होत्या. वेळ दुपारची होती, बरीच मुलं झोपलेली होती.

पुन्हा दुपारच. शेजारी काय आहे, छताला वरून काय लावलं आहे, आणि झोपलेली बारा मुलं त्या वेळी हजर असलेल्या माणसांनी किती मिनिटांत बाहेर काढली, हे तीन प्रश्न नळकांड्यावरच्या तारखेच्या आधी विचारा. आमच्याकडे आगीची रंगीत तालीम नेहमी सकाळी व्हायची, मुलं बूट घालून रांगेत उभी असताना. एकदा झोपेच्या वेळी करून पाहिली. चाकाच्या पाळण्यात चार बाळं घालून मावशी निघाली, तर पाळणा उंबऱ्यावर अडला. उंबरा दोन इंचांचा होता, आणि त्याच्याकडे इतक्या वर्षांत कोणाचंही लक्ष गेलं नव्हतं, तुमचंही नाही आणि माझंही नाही. दुसऱ्या दिवशी सुतार बोलावला.

नव्याने सुरू करणाऱ्यांकडे तुम्ही जरा वेगळ्या नजरेने पाहावं, असं मला फार वाटतं. माझ्याकडे वर्षाला चार-पाच जणी तरी विचारायला येतात, की ताई, पाळणाघर काढायचं आहे, काय करू. दर वेळी त्यांनी एक गोष्ट आधीच करून ठेवलेली असते, ती म्हणजे जागेचा करार. भिंतींवर फुलपाखरंही रंगवून झालेली असतात. मग कळतं की त्या इमारतीत असा वापर चालत नाही, किंवा बाहेर पडायला दुसरी वाट नाही, किंवा वरचा मजला आहे आणि तान्ह्यांना तळमजलाच हवा. तेव्हा अनामत अडकलेली असते, मालक हात वर करतो, आणि ती बाई तुमच्यासमोर रडकुंडीला येऊन काहीतरी सवलत मागते. सवलत दिलीत तर मुलांचं नुकसान, नाही दिलीत तर ती विनापरवाना सुरू करते. अर्ज करण्याआधी माहितीसत्राला बसणं काही ठिकाणी सक्तीचं असतं, ते सगळीकडे करा. आणि करारावर सही होण्याआधी तुमच्यातल्या एकाने पंधरा मिनिटं जागा बघून ‘इथे जमेल’ किंवा ‘इथे नको’ एवढं तोंडी सांगायची सोय ठेवा. माझं स्वतःचं दार आत उघडणारं होतं. रंगकाम झालं, फर्निचर आलं, मग तुमचा शेरा आला की दार बाहेर उघडलं पाहिजे. शेरा योग्यच होता, गर्दी दाराशी रेटली तर आत उघडणारं दार उघडत नाही. पण तो चार महिने आधी आला असता तर चौकट एकदाच बसवावी लागली असती.

माझी सुरुवात परवान्याने झाली नाही, हेही सांगून टाकते. शेजारच्या दोन मुलांना मी घरी सांभाळायचे. पुढे तीन झाली, पाच झाली. मला कोणी विचारलं नाही आणि मीही कोणाला विचारलं नाही. आज त्या दिवसांकडे बघते तेव्हा खिडकीच्या पडद्याची लोंबती दोरी आठवते आणि अंगावर काटा येतो. अशा घरगुती सांभाळणाऱ्या बायका सगळीकडे आहेत आणि राहणार. बऱ्याच देशांत त्यांच्यासाठी वेगळी, सोपी नोंदणी असते. मुलं मोजकी, कागद मोजके, पण प्रथमोपचाराचं प्रशिक्षण आणि घरातल्या मोठ्या माणसांची पडताळणी सुटत नाही. जिथे अशी पायरी नसते तिथे चार मुलं सांभाळणाऱ्या बाईला चाळीस मुलांच्या केंद्राचा अर्ज भरायला लावतात. ती तो भरत नाही. ती दार लावून घेते आणि मुलांना सांगते, आवाज करू नका. मला कडक तपासणीची भीती वाटत नाही, त्या लावलेल्या दाराची वाटते.

एक चांगली आठवणही लिहिते, नाहीतर पत्र नुसतं गाऱ्हाणं होईल. एक अधिकारी बाई आल्या होत्या, त्याही अकरा वाजताच. पण त्या आल्या आणि सरळ जमिनीवर बसल्या. साडी सावरून, भिंतीला टेकून, पाय पसरून. वीस मिनिटं काही बोलल्या नाहीत. मग हात लांब करून त्यांनी कपाटाखालून एक बटण काढलं. पर्समधून एक छोटं प्लास्टिकचं नळकांडं काढलं, ३१.७ मिलिमीटर व्यासाचं. लहान मुलांच्या खेळण्यांच्या चाचणीत हेच माप वापरतात. जी वस्तू दाबल्याशिवाय यात पूर्ण मावते, ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात द्यायची नाही. बटण आत टाकून त्यांनी ते माझ्यापुढे धरलं. मग मुलांच्या टोपलीतली खेळणी एकेक करून त्यात घालून पाहायला मला सांगितलं. नऊ खेळणी बाद झाली. त्यातली तीन मी स्वतः हौसेने आणलेली होती. त्यांनी शेरा लिहिला नाही, नळकांडं मात्र मला देऊन गेल्या. अजून आहे माझ्याकडे.

जमिनीवर बसल्यावर त्यांना आणखी एक गोष्ट दिसली असणार, जी उभ्याने दिसत नाही. मूल रडलं की कोणाकडे जातं. माझ्या मते सगळ्या तपासणीत याहून मोठा प्रश्न नाही. बुडापेस्टमध्ये एमी पिक्लर नावाच्या डॉक्टर बाईंनी १९४६ साली लहान मुलांचं एक बालगृह सुरू केलं. ते लोत्सी रस्त्यावर होतं आणि त्याच नावाने ओळखलं गेलं. तिथे प्रत्येक बाळाची मुख्य जबाबदारी एका ठरलेल्या बाईकडे असायची, आणि लंगोट बदलणं, आंघोळ घालणं, भरवणं ही कामं उरकायची नसत. बाळाशी बोलण्याची, त्याला विचारून हात पुढे करण्याची तीच वेळ मानली जाई. आमच्याकडे लंगोट बदलताना दर तीन तासांनी वेगळे हात असतील तर बाळ बोलणार कोणाशी? अमेरिकेत १९९१ साली तेराशेहून जास्त बाळांचा जन्मापासून माग ठेवणारा एक मोठा सरकारी अभ्यास सुरू झाला. त्यातही हेच दिसलं की सांभाळणारी बाई मुलांशी किती आणि कशी बोलते, त्यांच्या हाकेला किती ओ देते, यावर मुलांची भाषा आणि समज काही अंशी अवलंबून असते. आणि गट लहान असला, एका बाईमागे मुलं कमी असली, तर ती तसं वागण्याची शक्यता वाढते. घराचा परिणाम पाळणाघरापेक्षा जास्त असतो हेही त्यात दिसलं, ते आम्ही नम्रपणे मान्य करतो.

तेव्हा मावश्यांची यादी मागता तशी त्यांची ये-जाही मागा. गेल्या दोन वर्षांत किती जणी आल्या, किती गेल्या, सगळ्यात जुनी किती वर्षं टिकून आहे. शिक्षणाचे दाखले तुम्ही मागता, त्यावर शिक्के असतात. पण एका वर्षात पाच मावश्या बदललेल्या खोलीत सगळ्यांचे दाखले बिनचूक असू शकतात आणि मुलं तरी दिवसभर दाराकडे डोळे लावून बसलेली असू शकतात.

आता माझ्या न लिहिलेल्या नोंदीकडे परत येते. पडलं, लागलं, चावलं, ताप आला, औषध दिलं, या सगळ्याच्या वह्या आम्ही ठेवतो आणि तुम्ही त्या बघता. पण ‘थोडक्यात वाचलं’ याची वही तुम्ही मागत नाही. मागितली तरी सुरुवातीला कोणी खरी भरणार नाही, कारण आमचा अनुभव असा की वहीत जास्त नोंदी असल्या की जास्त शेरे येतात आणि कोरी वही दाखवणाऱ्याला शाबासकी मिळते. साठ मुलं, वर्ष संपत आलं आणि अपघाताच्या वहीत दोन नोंदी? असं पाळणाघर पृथ्वीवर नाही. कोरी वही दिसली की खुर्ची पुढे ओढा. आणि जी बाई स्वतःहून लिहिते की आज पालथं सापडलं, आज फाटक उघडं राहिलं, आज दुसऱ्याच माणसाच्या हाती मूल देता देता वाचलो, तिला त्या नोंदीसाठी दंड करू नका. तसं लेखी आश्वासन द्या. मी माझी पहिली नोंद त्याच दिवशी करेन, मागची तारीख घालून.

राहिले पालक. त्यांना भिंतीवरचा परवाना दिसला की ते निर्धास्त होतात, पुढे काही विचारत नाहीत. पण वर्षाकाठी तुम्ही येणार एकदा, ते येणार रोज दोनदा. १८४४ साली पॅरिसमध्ये फिर्मां मार्बो यांनी कष्टकरी आयांच्या बाळांसाठी ‘क्रेश’ काढलं, तेव्हा आया कामाच्या मधल्या वेळात येऊन बाळाला अंगावर पाजून जात. भारतातल्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक झाली आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा द्यावी लागते. दिवसातून चार वेळा! मला हा कलमातला सगळ्यात शहाणा भाग वाटतो. जिथे आई केव्हाही दार ठोठावू शकते तिथे हजेरीपटावरचं नाव आणि खोलीतलं माणूस यांच्यात फार अंतर पडत नाही. ‘दुपारी एक ते साडेतीन पालकांना प्रवेश नाही, मुलं झोपतात’ अशी पाटी कुठे दिसली तर शेरा मारा. माझ्याकडेही ती पाटी होती. मी काढली, आणि खरं सांगायचं तर पहिले काही महिने मला तिची आठवण फार यायची.

पुढच्या महिन्यात माझं पुन्हा नूतनीकरण आहे. फाइल तयार आहे, त्यात काही कमी नाही. तुम्ही याल तेव्हा बेल वाजवू नका, मुलं उठतात. दारावर बोटाने टकटक करा आणि एक पाऊल मागे सरून उभे राहा. तुमच्या शेऱ्याप्रमाणे दार आता बाहेरच्या बाजूला उघडतं.

कळावे,
आपली नम्र,
एक पाळणाघरवाली